आई असं का करते, आणि कायदा तिला काय विचारतो?

एप्रिल २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने छत्तीसगडमधल्या एका आईच्या अपिलावर निकाल दिला. २०१५ साली तिने आपल्या दोन लहान मुलींचा जीव घेतला होता. खालच्या कोर्टाने खुनाबद्दल जन्मठेप दिली, हायकोर्टाने ती कायम केली. त्या वेळी मला कुठल्यातरी अदृश्य शक्तीने धरलं होतं, असं तिचं म्हणणं होतं. मुलींना मारण्यामागे कुठलाही हेतू समोर आला नव्हता. खेड्यापाड्यांत मनाच्या आजाराबद्दल लोक याच भाषेत बोलतात, हे सुप्रीम कोर्टाने लक्षात घेतलं. गुन्हा खुनाऐवजी ‘सदोष मनुष्यवध’ ठरवला, म्हणजे खुनापेक्षा खालच्या पायरीचा. जवळजवळ १० वर्षं तिने तुरुंगात काढलीच होती, त्यामुळे ती सुटली.

आमच्या बडोद्यात, दांडिया बाजारातल्या ओट्यांवर काय किंवा मकरपुऱ्याच्या सोसायट्यांत काय, अशा बातमीवर दोनच वाक्यं ऐकू येतात. एक, ‘असल्या बाईला फाशीच द्यायला हवी.’ दुसरं, ‘वेडीच असणार, नाहीतर आई असं करेल का?’ दोन्ही वाक्यांनंतर विषय संपतो. ती बाळंतीण होऊन किती दिवस झाले होते, ती झोपत होती का, आदल्या आठवड्यात काय बोलत होती, हे कुणी विचारत नाही. डॉक्टरांना आणि न्यायाधीशांना मात्र हेच विचारावं लागतं, आणि त्यांच्या प्रश्नांची उत्तरं बहुधा त्या घरातल्या माणसांकडेच असतात.

सगळ्या घटना एकसारख्या नसतात

अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ फिलिप रेस्निक यांनी १९६९ साली, आईने किंवा बापाने मुलाला मारल्याच्या जगभरातल्या १३१ नोंदी तपासल्या आणि त्यांचे पाच गट केले. आजही अभ्यासक तिथूनच सुरुवात करतात. रागाच्या भरात केलेली मारहाण जिवावर बेतणं, हा एक गट. जोडीदारावर सूड म्हणून मुलाला मारणं, हा दुसरा. नको असलेलं मूल, हा तिसरा. भ्रमाच्या झटक्यात, कुठलाही हेतू सांगता न येणारं कृत्य, हा चौथा. पाचवा गट रेस्निक यांच्या नोंदींमध्ये सर्वांत मोठा होता, आणि समजायलाही तोच सर्वांत अवघड आहे: मुलाच्या भल्यासाठी मारणं.

हे वाचून अंगावर काटा येतो. पण अशा आईच्या मनात मुलाबद्दल द्वेष नसतो. माझ्या बाळाला असाध्य रोग झालाय, या घरात त्याचे हाल होणार आहेत, मी मेल्यावर त्याला कुणी विचारणार नाही, अशी तिची पक्की खात्री झालेली असते. शंतनूच्या घरात गंगेने सात मुलं एकामागून एक नदीत सोडली, ती त्यांना शापातून सोडवण्यासाठी, ही महाभारतातली कथा आपण लहानपणी ऐकतो. आजारी आईचा तर्क तसाच चालतो, फरक इतकाच की तिच्या बाळाला कुणाचा शाप नसतो. शाप तिच्या आजाराने रचलेला असतो. अशा घटनांमध्ये बऱ्याचदा ती स्वतःही मरायला निघालेली असते, आणि मुलांना मागे ठेवणं तिला क्रूरपणाचं वाटतं.

बाळंतपणानंतर मनाला नेमकं काय होतं?

प्रसूतीनंतर दोन-तीन दिवसांत शरीरातले हार्मोन झपाट्याने खाली येतात. झोप मोडलेली असते, टाके दुखत असतात, पान्हा नीट फुटलेला नसतो. निम्म्याहून जास्त बायकांना या दिवसांत विनाकारण रडू येतं, चिडचिड होते. दोन आठवड्यांत हे आपोआप ओसरतं. त्याला औषध लागत नाही, माणसं लागतात.

दोन आठवडे उलटूनही ओसरलं नाही, उलट उदासी दाटत गेली, बाळाकडे बघून काहीच वाटेनासं झालं, ‘मी आई व्हायच्या लायकीची नाही’ असं वाटू लागलं, तर ते बाळंतपणानंतरचं डिप्रेशन. भारतातल्या ३८ अभ्यासांचा २०१७ साली एकत्र आढावा घेतला गेला तेव्हा सरासरी २२ टक्के आयांमध्ये ते आढळलं, म्हणजे साधारण पाच जणींत एक. गोव्यातल्या २००२ च्या एका अभ्यासात नवऱ्याची मारहाण आणि मुलगी होणं या दोन्ही गोष्टींचा त्याच्याशी संबंध दिसला. मुलगी झाली म्हणून सासरचे चेहरे उतरतात, ते त्या बाळंतिणीच्या मनावर असं उमटतं.

तिसरी अवस्था दुर्मीळ आहे. हजार बाळंतपणांत एक किंवा दोन जणींना ती होते. डॉक्टर तिला पोस्टपार्टम सायकोसिस म्हणतात; पुढे मी नुसतं सायकोसिस म्हणेन. ही बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांतच सुरू होते आणि फार वेगाने चढते. आधी झोप जाते. बाळ रडतंय म्हणून जाग येते तशी नव्हे. बाळ शेजारी गाढ झोपलेलं असतं, आणि ही दोन-दोन रात्री टक्क जागी, तरीही दमलेली दिसत नाही. मग बोलणं तुटक किंवा अखंड होतं. सकाळी नीट बोलते, दुपारी आपल्याच आईला ओळखल्यासारखं करत नाही, संध्याकाळी पुन्हा ठीक. घरच्यांची फसगत या चढउतारामुळेच होते, कारण बरी वेळ दिसली की सगळे सुटकेचा नि:श्वास टाकतात. त्यानंतर येतात ते भ्रम: हे बाळ बदललेलं आहे, याच्यात कुणी शिरलंय, कुणीतरी मला आवाज देऊन सांगतंय.

या अवस्थेत माणूस कसा विचार करतो ते समजायला स्वप्न आठवावं. स्वप्नात घर जळताना दिसतं तेव्हा आपण पळतो, ओरडतो, दार तोडतो. त्या आगीच्या हिशेबाने आपलं वागणं अगदी तर्काला धरून असतं. खोटी असते ती आग. सायकोसिसमधली बाई डोळे उघडे ठेवून अशा स्वप्नात वावरत असते, आणि तिला त्यातून जाग येत नाही. म्हणून ‘तिने दार आतून लावलं होतं, म्हणजे सगळं ठरवून केलं’ एवढ्यावरून ती आजारी नव्हती असं सिद्ध होत नाही. भ्रमाच्या आतही माणूस योजना करू शकतो.

सायकोसिस झालेल्या बहुतेक बायका बाळाला काही करत नाहीत, हेही इथेच सांगायला हवं. पण धोका खरा आहे. बेंगळुरूच्या निम्हान्स या मनोविकारांवरच्या राष्ट्रीय संस्थेत बाळंतपणानंतर गंभीर मनोविकार झालेल्या ५० बायकांचा एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या ४० टक्क्यांहून अधिक जणींनी बाळाच्या जिवावर उठणारे विचार मनात आल्याचं सांगितलं. विचारलं म्हणून सांगितलं. म्हणूनच सायकोसिसला डॉक्टर इमर्जन्सी मानतात. पोटात गोळा आला तर आपण रात्री दोन वाजता हॉस्पिटल गाठतो. या आजारातही तितकीच घाई हवी.

मनात भयंकर विचार येतात, म्हणजे मी तशी आहे का?

हा भाग मी मुद्दाम वेगळा लिहिते आहे, कारण वरचं वाचून एखादी नवी आई घाबरून जाईल.

‘बाळाला गॅलरीत घेऊन उभी होते आणि मनात आलं, हातातून सुटलं तर? मी टाकलं तर?’ असे विचार असंख्य धडधाकट आयांच्या मनात येतात. विचार येताच त्या दचकतात, स्वतःची किळस येते, गॅलरीत जाणंच बंद करतात, सुऱ्या लपवून ठेवतात. या दचकण्यालाच महत्त्व आहे. विचार नको असतो, परका वाटतो, आणि आई बाळाला त्यापासून वाचवण्यासाठी धडपडते. असे विचार फार सतावत असतील तर तो चिंतेच्या जातीचा आजार असतो आणि त्यावर चांगले उपचार आहेत. निव्वळ या विचारांमुळे आई बाळाला इजा करत नाही. सायकोसिसमध्ये उलट असतं: तिथे विचार परका वाटत नाही, पटतो. करायलाच हवं असं वाटतं, आणि दचकणं नाहीसं होतं.

पहिल्या प्रकारातल्या बायका हे कुणालाच सांगत नाहीत. बाळ काढून घेतील, वेडी ठरवतील, माहेरी पाठवून देतील, ही भीती असते. डॉक्टरांना सांगितलं तर सुटकाच होते.

मग कायदा ‘तिला कळत होतं का?’ एवढाच प्रश्न का विचारतो?

आता कोर्टात येऊ. समजा, रावपुऱ्यातल्या एका घरात बाळंतपणाच्या बाराव्या दिवशी अशी घटना घडली. (उदाहरण काल्पनिक आहे.) पोलीस भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ खाली, म्हणजे खुनाचा, गुन्हा नोंदवतील. १ जुलै २०२४ पूर्वी हेच कलम ३०२ होतं. आईच्या आजाराची बाजू येते ती कलम २२ मधून, जुनं कलम ८४. ते म्हणतं: कृत्य करतेवेळी मन विकल असल्यामुळे आपण काय करतो आहोत हे कळण्याची, किंवा ते चूक वा बेकायदा आहे हे कळण्याची क्षमता ज्या व्यक्तीत नव्हती, तिचं कृत्य गुन्हा ठरत नाही.

या वाक्याचा उगम १८४३ साली लंडनमध्ये गाजलेल्या मॅक्नॉटन खटल्यात आहे. पंतप्रधानांच्या सचिवाला गोळी घालणाऱ्या त्या माणसाला भ्रम होता. त्या निकालानंतर इंग्लंडमध्ये जी कसोटी ठरली, ती १८६० च्या दंडसंहितेत आली, आणि आज नव्या संहितेतही जवळजवळ तशीच आहे.

अडचण अशी की ही कसोटी फक्त ‘कळणं’ बघते. ‘भावना’ आणि ‘आवर’ या दोन गोष्टी तिच्यात नाहीत. डिप्रेशनने पार खचलेल्या आईला हे माझं मूल आहे, ते मरेल, पोलीस येतील, हे सगळं कळत असतं. तरीही तिच्या आजारी तर्काला तोच दयेचा मार्ग दिसतो. डॉक्टर तिला गंभीर आजारी म्हणतील. कोर्ट म्हणेल, आजारी असेल, पण कळत होतं. म्हणून वैद्यकीय वेड आणि कायद्याचं वेड या वेगळ्या गोष्टी आहेत, असं आपली न्यायालयं वारंवार सांगतात.

अमेरिकेत टेक्सासमध्ये अँड्रिया येट्स या आईचा खटला याच फटीत अडकला. जून २००१ मध्ये तिने आपल्या पाचही मुलांचा जीव घेतला आणि स्वतःच पोलिसांना फोन केला. मुलांना नरकापासून वाचवतेय अशी तिची भ्रमातली समजूत होती, आणि बाळंतपणानंतरच्या मनोविकारासाठी तिच्यावर आधीही उपचार झाले होते. फोन केला म्हणजे चूक कळत होती, असं सरकारी बाजूने म्हटलं आणि २००२ साली जन्मठेप झाली. एका तज्ज्ञाची साक्ष चुकीची निघाल्याने तो निकाल रद्द झाला. २००६ साली दुसऱ्या ज्यूरीने, तीच घटना आणि तीच आई समोर असताना, मनोविकारामुळे निर्दोष ठरवलं. तिची रवानगी मनोरुग्णालयात झाली.

सिद्ध कुणी करायचं?

इथे एक निकाल आपल्या गुजरातमधल्याच खटल्यातला आहे. सुप्रीम कोर्टाचा, १९६४ चा. पत्नीचा खून केलेल्या नवऱ्याने मनोविकाराचा बचाव घेतला होता. त्याचं अपील फेटाळलं गेलं, पण कोर्टाने तेव्हा जे सांगितलं ते आजही देशभर वापरलं जातं. कायदा प्रत्येकाला शहाणा धरून चालतो, त्यामुळे मनोविकार दाखवण्याचं ओझं आरोपीवर असतं. पण ते सरकारी पक्षाइतकं जड नाही; ‘असं असण्याची शक्यता जास्त’ इथपर्यंत नेलं तरी पुरतं. तितकंही जमलं नाही, पण आरोपीच्या हेतूबद्दल रास्त शंका निर्माण झाली, तरी त्या शंकेचा फायदा त्याला मिळतो. आणि मनाची अवस्था ठरवताना घटनेच्या आधी, घटनेच्या वेळी आणि नंतर ती व्यक्ती कशी वागली, हे पाहायचं.

‘आधी’ कशी वागली, हे कोण सांगणार? घरचे. आणि घरचे काय सांगतात? ‘सगळं ठीक होतं.’ आठ दिवस ती झोपत नव्हती हे त्यांनी पाहिलेलं असतं. पण तिला ‘बाहेरचं’ झालंय म्हणून भुव्याकडे, म्हणजे मांत्रिकाकडे, नेलेलं असतं, दोरा बांधलेला असतो, किंवा सोयरिकीत चर्चा नको म्हणून गप्प बसलेले असतात. डॉक्टरांचा कागद एकही नसतो. वकील बचाव मांडतो तेव्हा न्यायाधीशांसमोर फक्त तिचं स्वतःचं म्हणणं उरतं. आजार लपवल्यामुळे आधी मूल वाचलं नाही, आणि मग त्याच लपवण्यामुळे आईचा बचावही पडतो.

आणखी एक गल्लत नेहमी होते. ‘घटनेच्या वेळी मन ठिकाणावर होतं का’ आणि ‘आज खटला चालवण्याइतकी ती बरी आहे का’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचं उत्तर नाही असेल तर खटला थांबतो, उपचार होतात, आणि बरी झाल्यावर पुढे चालतो.

मुलांना घेऊन मरायला निघालेली आई वाचली तर?

आपल्या भागात हा प्रकार फार ओळखीचा आहे. पूर्वी विहीर होती, आता कॅनॉल आहे. २०२१ साली देशात २३,१७८ गृहिणींनी आत्महत्या केल्याची नोंद आहे, आणि अशा काही घटनांत मुलंही सोबत असतात.

१९२५ साली मुंबई हायकोर्टासमोर एक खटला आला. १७ वर्षांची मुलगी, नवऱ्याच्या जाचाला कंटाळून पाठीशी मूल घेऊन विहिरीत पडली. ती वाचली, मूल गेलं. उडी मारताना मूल पाठीवर आहे याचं भान राहण्याच्या अवस्थेत ती नव्हती, असं कोर्टाने म्हटलं आणि खुनाऐवजी निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूचा गुन्हा धरला. १९५३ साली मध्यभारत हायकोर्टासमोरच्या खटल्यात घरातल्या भांडणानंतर एका आईने तीन मुलांसह विहिरीत उडी घेतली होती. तिला मुलांचं भान होतं, मृत्यू अटळ आहे हे ठाऊक होतं, भांडण हे त्याचं समर्थन होऊ शकत नाही, म्हणून खूनच ठरला. मात्र शिक्षा सुनावून त्याच न्यायालयाने ती बरीच कमी करावी, अशी शिफारस सरकारला केली. कायद्याच्या चौकटीत दया बसत नव्हती, म्हणून न्यायाधीशांना ती चौकटीबाहेर मागावी लागली.

आज तिने स्वतः मरण्याचा प्रयत्न केला याबद्दल सहसा तिच्यावर खटला चालत नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरायचं, आणि तिच्या उपचारांची जबाबदारी सरकारची. मुलांच्या मृत्यूसाठी मात्र अशी कुठलीही तरतूद नाही. एकाच उडीकडे कायदा दोन वेगळ्या नजरांनी बघतो.

इंग्लंडने वेगळा कायदा केला, आपण का नाही?

इंग्लंडमध्ये १९२२ साली आणि मग सुधारून १९३८ साली शिशुहत्येचा स्वतंत्र कायदा झाला. १२ महिन्यांपर्यंतच्या बाळाचा जीव आईने घेतला, आणि बाळंतपणाच्या किंवा अंगावर पाजण्याच्या परिणामांतून न सावरल्याने तिच्या मनाचा तोल ढळलेला होता, तर तो खून न धरता कमी दर्जाचा गुन्हा धरतात. शिक्षा बहुतेकदा तुरुंगाऐवजी उपचार आणि देखरेख अशी असते. कॅनडातही असा गुन्हा आहे, कमाल शिक्षा ५ वर्षं. आपली दंडसंहिता १८६० ची, त्या कायद्याच्या सहा दशकं आधीची. पुढे कुणी ही भर घातली नाही, २०२३ मध्ये संहिता नव्याने लिहितानाही नाही. म्हणून आपल्याकडे एक तर कलम २२ खाली पूर्ण सुटका, नाही तर बहुधा जन्मठेप. मधली पायरी कोर्टाला प्रत्येक वेळी ओढूनताणून तयार करावी लागते, २०२५ च्या निकालात केली तशी.

पण याचा गैरवापर होईल. मुली मारणारे सुटतील

हा आक्षेप मी हलका मानत नाही, आणि बडोद्यात राहणाऱ्याने तर मानूच नये. काठियावाडातल्या जाडेजा घराण्यांमध्ये जन्मलेल्या मुलींना मारण्याची ‘दूधपीती’ची चाल होती. बडोद्याचा इंग्रज रेसिडेंट अलेक्झांडर वॉकर याने १८०८ च्या सुमारास त्या सरदारांकडून ती बंद करण्याचे करार लिहून घेतले. करारांनी चाल थांबली नाही. १८७० साली तिच्याविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला.

पण दूधपीती हा आजार नव्हता. ते घराण्याने ठरवून करायचं काम होतं, आणि आईचं मत त्यात कुणी विचारत नसे. इंग्लंडसारखा कायदा फक्त आईला लागू होतो, तोही मनाचा तोल ढळल्याचा वैद्यकीय पुरावा असेल तरच. हुकूम देणारी सासू, संमती देणारा नवरा, मदत करणारी सुईण यांना त्याचा काडीचाही लाभ नाही. माझं स्पष्ट मत आहे की असा कायदा आपल्याकडे यावा आणि त्यात हे शब्दांत लिहिलेलं असावं.

‘बापाला का नाही?’ असंही विचारतात. कलम २२ बापालाही लागू आहेच, ते स्त्री-पुरुष बघत नाही. बाळंतपणाशी जोडलेली वेगळी तरतूद आईसाठी असते, कारण ते शरीर तिचं आहे.

नवजात बाळ आणि लपवलेलं बाळंतपण

जन्मल्यावर २४ तासांच्या आत झालेली हत्या हा अगदी वेगळा प्रकार आहे. इथे आई बहुधा मनोरुग्ण नसते. वय कमी, लग्न झालेलं नाही किंवा नवऱ्याने टाकलेलं, गर्भारपण सगळ्यांपासून आणि कधी स्वतःपासूनही लपवलेलं. कारण एकच, बदनामीची भीती.

१८८१ साली इथून जवळच, सुरतेत, विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला नवजात मुलाला मारल्याबद्दल फाशी सुनावली गेली. अपिलात ती काळ्या पाण्यावर आली. वर्तमानपत्रांतून बायकांच्या नीतीवर ताशेरे सुरू झाले, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून सगळा दोष बाईच्या माथी मारणाऱ्यांवर झोड उठवली. त्याच्याही आधी, १८६३ साली, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं: इथे या, गुपचूप बाळंत व्हा, मूल आम्ही सांभाळू. एका विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तकही घेतला.

आज त्या गृहाची जागा कायद्याने भरून काढली आहे, फक्त ते माहीत असणाऱ्या थोड्या. अविवाहित स्त्रीलाही ठरावीक अटींवर २४ आठवड्यांपर्यंत गर्भपाताचा हक्क आहे, असं सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. मूल जन्मलं तर ते बाल कल्याण समितीकडे सोपवता येतं. विचार बदलायला दोन महिने मिळतात. सोपवणं हा गुन्हा नाही.

घरच्यांनी काय बघायचं?

आपली बाळंतिणीची रीत पुष्कळ शहाणपणाची आहे. शेक-शेगडी, धुरी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, सव्वा महिना विश्रांती. पण त्या अंधाऱ्या, धुराने भरलेल्या खोलीत तिला एकटीच ठेवली, ‘रडू नकोस, दूध आटेल’ म्हणून गप्प केली, तर तिच्या मनाचं कुणालाच कळत नाही. बारशाच्या दिवशी पाहुण्यांच्या गर्दीत ती शून्यात बघत बसली असेल, तर पाळणा हलवणाऱ्या पंधरा बायकांपैकी एकीने तरी तिच्याजवळ बसायला हवं.

विचारायला एक साधन तयार आहे. एडिनबरात १९८७ साली बनवलेली १० प्रश्नांची यादी, पाच मिनिटांत भरून होते. गेल्या सात दिवसांत हसू आलं का, विनाकारण दोष देत बसलात का, झोप लागली का, असे साधे प्रश्न. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल आहे. बाळाच्या लसीकरणाच्या फेरीत आईला हे १० प्रश्न विचारले जावेत, अशी माझी फार इच्छा आहे. तोवर मावशीने, नणंदेने, शेजारणीने विचारावेत. विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाहीत.

दोन रात्री झोप नाही, बोलणं भरकटलेलं, बाळाबद्दल विचित्र खात्री, किंवा ‘मी नसलेलीच बरी’ असं बोलणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. बडोद्यात सयाजी हॉस्पिटलचा मनोविकार विभाग आहे, कारेलीबागेत सरकारी मनोरुग्णालय आहे. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे. घरात मारहाणही असेल तर गुजरातची महिला हेल्पलाइन, १८१ अभयम. तोपर्यंत आईला आणि बाळाला दोघांनाच सोडायचं नाही. तिच्यावर पाळत म्हणून नव्हे, सोबत म्हणून.

‘औषधं सुरू केली तर अंगावरचं दूध बंद करावं लागेल’ या भीतीने पुष्कळ घरं थांबतात. दूध पाजताना चालणारी औषधं आहेत, निवड डॉक्टर करतात. ‘दाखल केलं तर बाळ तोडतील’ ही दुसरी भीती. कायदा उलट सांगतो: दाखल झालेल्या आईचं तीन वर्षांखालचं मूल सहसा तिच्यापासून वेगळं करायचं नाही, बाळाच्या सुरक्षेसाठी करावं लागलंच, तर दर १५ दिवसांनी त्या निर्णयाचा फेरविचार करायचा. निम्हान्समध्ये २००९ पासून आई-बाळ एकत्र ठेवणारा विभाग चालतो. असा विभाग आपल्या शहरात हवा, ही मागणी करायला काहीच हरकत नाही.

निर्दोष ठरली म्हणजे मोकळी सुटली?

नाही. कलम २२ खाली सुटका होते तेव्हा कृत्य तिनेच केलं हे निकालात लिहिलेलं असतं, आणि कोर्ट तिला सुरक्षित ताब्यात ठेवतं: बहुधा मनोरुग्णालयात, किंवा जबाबदारी लिहून घेऊन नातेवाइकांकडे. किती काळ, हे डॉक्टरांच्या अहवालांवर ठरतं. औषधांनी सायकोसिस बरा होतो, बहुतेकींचा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत. भ्रम गेल्यावर तिला काय घडलं ते कळतं. त्या दिवसांत तिच्या स्वतःच्या जिवाला सर्वांत जास्त धोका असतो, आणि नेमकं तेव्हाच माहेर-सासर दोन्हीकडची दारं बंद झालेली असतात.

काही घरं मात्र तिला परत घेतात, आणि पुढे पुन्हा मुलाचा विचार होतो. एकदा सायकोसिस झालेल्या बाईला पुढच्या बाळंतपणात तो पुन्हा होण्याची शक्यता साधारण तीनांत एक असते. म्हणजे गर्भारपणाच्या पहिल्याच भेटीत स्त्रीरोगतज्ज्ञांना मागचं सगळं सांगायचं, मनोविकारतज्ज्ञांना सोबत घ्यायचं, आणि प्रसूतीनंतर औषध कधी सुरू करायचं आणि रात्री बाळाकडे कोण बघणार, हे आधीच ठरवून ठेवायचं.